दहा रकाने आणि बेदाण्याची वही: प्रवेशासाठी एकच गोष्ट धरावी की सगळं थोडं थोडं?

कृष्णाकाठ (धागाकर्ती) | शनिवार, रात्री ११.१०

मंडळी, लांबण लागणार आहे, आधीच सांगते. चार दिवस डोक्यात हेच चालू आहे. इथे शिक्षक आहेत, पालक आहेत, बाहेर शिकायला गेलेली मुलं आहेत, म्हणून इथेच लिहावंसं वाटलं.

मी सांगलीत ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवते, बावीस वर्षं झाली. माझी भाची, बहिणीची मुलगी, तासगाव तालुक्यातली. यंदा बारावीला आहे आणि अकरावीपासून विश्रामबागला माझ्याकडेच राहते. सीईटी देणारच आहे. शिवाय अमेरिकेतल्या काही कॉलेजांना आणि आपल्याकडच्या एक-दोन खासगी विद्यापीठांना अर्ज करायचं तिच्या मनात आहे. पैशाचं बळ नाही. पूर्ण आर्थिक मदत मिळाली तरच जायचं, हे घरात स्पष्ट बोलून झालंय.

१ ऑगस्टला अमेरिकेचा तो कॉमन ॲपचा अर्ज उघडला (एकच अर्ज, तो अनेक कॉलेजांना चालतो). अभ्यासाबाहेर काय केलं ते लिहायला त्यात १० रकाने आहेत. प्रत्येक रकान्यात वर्णनाला १५० अक्षरं, मधल्या मोकळ्या जागा धरून. आठवड्याला किती तास, वर्षाला किती आठवडे, नववी ते बारावीतल्या कोणत्या वर्षी, हेही भरायचं. मंगळवारी रात्री ती लॅपटॉप घेऊन माझ्या खोलीत आली. "मावशी, नऊ झाले. दहावं काय घालू?"

मी यादी वाचली. भरतनाट्यमच्या दोन परीक्षा. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. अबॅकस (हे तर पाचवी-सहावीतलं). वक्तृत्व, उत्तेजनार्थ. हिंदीच्या परीक्षा. वृक्षारोपण. गॅदरिंगचं सूत्रसंचालन. स्वच्छता मोहीम. निबंधस्पर्धा. यातलं काहीही खोटं नाही. सगळ्याची प्रमाणपत्रं फाइलमध्ये ओळीने लावलेली. बहिणीने किती कष्टाने तिला एसटीने तासगावला क्लासला आणलं-नेलं, ते मी पाहिलंय. आणि तरी यादी वाचून झाली तेव्हा मला वाटलं, ही माझ्या वर्गातल्या कुठल्याही हुशार मुलीची यादी आहे. माझी भाची हिच्यात कुठे दिसत नाही.

कारण मी जिला ओळखते ती मुलगी वेगळी आहे. तिच्याकडे एक दोनशे पानी लाँगबुक आहे. तिच्या वडिलांची बेदाण्याची शेड आहे. नववीत असताना अवकाळी पावसात अर्धा माल काळा पडला आणि घरात आठ दिवस कोणी धड बोललं नाही. पुढच्या हंगामापासून तिने नोंदी ठेवायला सुरुवात केली. सकाळी सात, दुपारी दोन, रात्री नऊ. तापमान, हवेतला ओलावा, वारा कुठून आहे. रॅकच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या कप्प्यात एकेका ताटात दोन-दोन किलो मणी मोजून ठेवायचे आणि रोज त्या ताटांचं वजन करायचं. परीक्षेच्या दिवसांत वडील फोनवर आकडे सांगायचे आणि ही इकडे लिहून घ्यायची. दुसऱ्या हंगामात तिच्या लक्षात आलं की खालचा कप्पा वरच्यापेक्षा दीड-दोन दिवस मागे राहतो. मग वडिलांनी खाली घड पातळ पसरायला सुरुवात केली. त्या वहीच्या पानांना अजून गंधकाच्या धुरीचा वास येतो. मी उघडून पाहिली, म्हणून सांगते.

मी म्हटलं, "अगं, हे का नाही लिहिलंस?"

ती म्हणाली, "ते काय, मावशी. ते घरचं काम."

त्या वाक्याने मला झोप लागली नाही.

आता दुसरी बाजू. मेहुण्यांनी मध्यंतरी पुण्यातल्या एका सल्लागाराकडे चौकशी केली. त्यांचं म्हणणं, असा भाराभर पसारा आता चालत नाही, एकच धागा लागतो. मुलीच्या नावाने संस्था काढू, वेबसाइट करू, दोन महिन्यांत सगळं उभं करून देतो. फी ऐकून मेहुणे गप्पच बसले. म्हणजे शाळा सांगते सगळ्यात भाग घ्या, सल्लागार सांगतो एकच धरा, आणि दोघांनीही ती वही मागितली नाही.

माझं मत मी आधीच सांगून टाकते. वही पहिल्या रकान्यात जावी. नृत्य राहावं, कारण ती अजूनही नाचते. बाकीचं गेलं तरी चालेल, रकाने रिकामे राहिले तरी चालेल. पण मी फिजिक्सची बाई, प्रवेशाची जाणकार नव्हे. माझ्या हट्टापायी पोरीचं नुकसान नको. ज्यांनी हे केलंय, पाहिलंय, त्यांनी सांगा.

---

विश्रामबागकर | शनिवार, रात्री ११.५२

ताई, धागा मनापासून आवडला. पण आधी एक गोष्ट सरळ लिहायला हवी, नाहीतर इथले पालक उगाच घाबरतील. आपल्याकडच्या शंभरातल्या पंच्याण्णव मुलांना हा प्रश्नच लागू नाही. एमएचटी-सीईटीला २०० गुण, नीटला ७२०, जेईईला रँक. आपल्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला प्रवेश घेताना तुम्ही तबला वाजवता का, हे कोणी विचारत नाही. दहावीला इंटरमिजिएटच्या श्रेणीचे आणि खेळाचे वाढीव गुण मिळतात, तेवढाच काय तो संबंध.

थोडं बदलतंय, तेही सांगतो. आयआयटी मद्रासने २०२४-२५ पासून खेळाडूंसाठी प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात दोन जादा जागा ठेवल्या, त्यातली एक मुलींसाठी. पुढच्या वर्षी कला आणि ऑलिंपियाड यांसाठीही तशीच सोय केली. पण खेळ आणि कलेच्या जागांसाठी आधी जेईई ॲडव्हान्स्ड पास व्हावं लागतं. आणि तिथे अष्टपैलू मुलाचा उपयोग नाही. एका खेळात किंवा एका कलेत वरच्या पायरीवर असावं लागतं.

हे सगळं मला उशिरा कळलं. माझ्या मुलाने आठवीत तबला सोडला. सोडला म्हणजे मी सोडवला, फाउंडेशनच्या क्लासची वेळ तीच होती म्हणून. गुरुजी घरी आले होते. म्हणाले, आठवड्यातून एक दिवस तरी पाठवा. मी नाही म्हणालो. आज तो पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, ठीक चाललंय. गेल्या गणपतीत आरतीला डग्गा पुढे ओढून बसला आणि दोन मिनिटांत उठून आत गेला. हात चालत नव्हता. ते मला अजून बोचतं. प्रवेशाशी याचा काही संबंध नाही, पण लिहावंसं वाटलं.

---

मिरज_जंक्शन | रविवार, सकाळी ८.०५ (अमेरिकेतून)

मावशी, नमस्कार. मी मिरजेचा. इथे पदवी झाली, आता नोकरी. त्या अर्जातून स्वतः गेलोय, नंतर चार-पाच जणांना मदतही केली.

पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं: "घरचं काम" हा त्या अर्जात अधिकृत प्रकार आहे. उपक्रमाचा प्रकार निवडायची जी यादी येते, तिच्यात कौटुंबिक जबाबदाऱ्या आहेत आणि पगारी कामही आहे. तिला ते दाखवा. वाचणाऱ्यांना माहीत असतं की सगळ्यांच्या घरी ड्रायव्हर आणि तलवारबाजीचे कोच नसतात.

दुसरं, १० ही वरची मर्यादा आहे, १० भरलेच पाहिजेत असं नाही. महत्त्वाचं वर, बाकीचं खाली, असा क्रम आपणच लावायचा. एमआयटीचा अर्ज वेगळा असतो, तिथे तर चारच उपक्रम विचारतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्जात उलट २० जागा आहेत, पण परदेशी मुलांना तिथे आर्थिक मदत जवळपास नाहीच, त्यामुळे तुम्ही त्या वाटेला जाऊ नका. मदत मागितली म्हणून परदेशी विद्यार्थ्याला मागे न सारणारी आणि लागेल तेवढी देणारी थोडी कॉलेजं आहेत: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशी. तिथे चुरस भयंकर आहे, हे तिला आधीच सांगून ठेवा. वही कितीही चांगली असली तरी नकार येऊ शकतो.

आता माझं स्वतःचं. मी सगळं थोडं थोडं करणाऱ्यांपैकी. एनसीसी, प्रश्नमंजूषा, कबड्डी तालुक्यापर्यंत, सायन्स एक्झिबिशन. एकातही नाव नाही. तरी मला प्रवेश मिळाला, कारण मी गेलो ते मोठं सरकारी विद्यापीठ होतं, आणि तशी बरीच विद्यापीठं मुख्यतः मार्कच बघतात. "एकच गोष्ट हवी" हे जे बोलतात ते वरच्या मूठभर कॉलेजांबद्दल. बाकी अमेरिका त्यापेक्षा खूप मोठी आहे. वडिलांनी कर्ज काढलं, ते मी आत्ता फेडतोय.

---

नाट्यपंढरी | रविवार, सकाळी १०.३०

मिरज_जंक्शन यांनी कसं ते सांगितलं, मी का ते सांगायचा प्रयत्न करतो. निवृत्त ग्रंथपाल आहे, या विषयावर बरंच वाचलंय.

आपल्या गावाच्याच भाषेत सांगतो. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथे सीतास्वयंवर केलं, तेव्हापासून नाटक मंडळी कशी उभी राहते ते सांगलीला ठाऊक आहे. सूत्रधार लागतो, गाणारा लागतो, झांज-मृदंगवाला लागतो, राक्षसाचं काम करणारा धिप्पाड गडी लागतो. मालकाला वीस माणसं अशी नको असतात की ज्यांना सगळ्यांना थोडं गाता येतं आणि थोडा मृदंग येतो. मंडळी भरलेली हवी, माणूस एकेका कामाचा चालतो. अमेरिकेतली वरची कॉलेजं आपल्या वर्गाकडे तसं बघतात. यंदा गेल्या वर्षीचा मृदंगवाला पास होऊन गेला असेल तर मृदंगवाल्याची जागा आहे, नसेल तर नाही. हे अर्जदाराला बाहेरून कधीच कळत नाही. म्हणून अमुक केलं की मिळतं असं जो छातीठोक सांगेल त्याच्यापासून लांब राहावं.

आणि हे उपक्रम बघायची पद्धत फार सोवळी आहे असंही समजू नका. १९२० च्या दशकात हार्वर्डला नुसत्या परीक्षेवर ज्यू मुलं मोठ्या संख्येने यायला लागली. त्या वेळचे अध्यक्ष लॉवेल यांना ती संख्या कमी करायची होती. चारित्र्य, व्यक्तिमत्त्व, खेळ हे बघण्यावर तिथे जोर आला तो या काळात. प्रवेशात वंश बघण्यावरून झालेल्या हल्लीच्या खटल्यात, ज्याचा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला, हार्वर्डची आतली पद्धत कोर्टापुढे आली. अभ्यास, उपक्रम, खेळ आणि व्यक्तिमत्त्व यांना वेगवेगळी श्रेणी देतात. म्हणजे उपक्रम हा त्यातला एक भाग. अभ्यासात कमी पडलेल्याला तो तारून नेत नाही.

ताई, तुमच्या भाचीची वही वाचून मला भरून आलं. एवढंच.

---

हळदबाजार | रविवार, दुपारी १.१५

सल्लागारांचं लिहिलंत म्हणून सांगतो, कोणाचं तरी भलं होईल. आम्ही पैसे भरले होते. व्यापारी माणूस, वाटलं, पैसे टाकले की काम चोख होतं. मुलीच्या नावाने पाण्यावर काम करणारी संस्था काढून दिली. बोधचिन्ह, फोटो, सगळं. २०१९ च्या महापुरात आमच्या दुकानात पाणी होतं, तो धागा त्यांनी बरोबर पकडला.

एका खासगी विद्यापीठाच्या मुलाखतीत बाईंनी तिला अगदी साधं विचारलं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची धोका पातळी किती? मुलीला सांगता येईना. सांगलीच्या मुलीला! ४५ फूट. आमच्या दुकानातला हमालसुद्धा सांगेल. ती घरी येऊन रडली, आणि रडण्याचं कारण प्रवेश गेला हे नव्हतं. म्हणाली, "पप्पा, मला खोटं पाडलं नाही त्यांनी, मी खोटीच होते."

त्या मुलीला खरं तर शिवणकामाचं वेड. आजीच्या मशीनवर आठवीपासून ब्लाउज शिवते, गल्लीतल्या बायका पैसे देऊन शिवून घेतात. ते आम्ही अर्जात घातलं नाही. आम्हाला ते कमीपणाचं वाटलं. आमची चूक.

---

कृष्णाकाठ (धागाकर्ती) | रविवार, दुपारी २.००

हळदबाजार, दादा, हे लिहायला धीर लागतो. तुमची मुलगी आता काय करते?

---

हळदबाजार | रविवार, दुपारी २.२०

फॅशन डिझाइनला आहे, दुसऱ्या वर्षाला. प्रवेशाच्या वेळी स्वतः शिवलेले कपडे पिशवीत घालून घेऊन गेली. आनंदात आहे.

---

अजिंक्यतारा_पायथा | रविवार, सायंकाळी ६.४५

साताऱ्याहून लिहितोय. शाळेत क्रीडाशिक्षक आहे. सगळे एकाच बाजूला झुकलेत म्हणून दुसरी बाजू मांडतो, राग मानू नये.

"एकच धरा" हे वाक्य माझ्या मैदानावर आलं की मला भीती वाटते. २०२३ मध्ये आमच्या साताऱ्याची अदिती स्वामी बर्लिनला तिरंदाजीत जागतिक विजेती झाली, वय १७. अभिमानाने ऊर भरून आला. पण दुसऱ्या आठवड्यात माझ्याकडे सात-आठ वर्षांच्या मुलांचे पालक, "सर, आता फक्त तिरंदाजीच, बाकी सगळं बंद." एकच खेळ लहानपणापासून, रोज, बारा महिने, म्हणजे तोच खांदा, तोच गुडघा. बारा-तेरा वर्षांपर्यंत मुलाने सगळं खेळावं, पळावं, पोहावं, झाडावर चढावं. शरीराला आणि मनाला दोन्हींना ते लागतं. आपल्या माण तालुक्याची ललिता बाबर आधी मॅरेथॉन पळायची, स्टीपलचेसला नंतर वळली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत पळाली. पहिल्याच गोष्टीला चिकटून राहिली असती तर?

आणि ज्यांनी एकच धरलं आणि जमलं, त्यांची नावं पेपरात येतात. एकच धरलं आणि सोळाव्या वर्षी लिगामेंट गेलं, अशी मुलं माझ्या वहीत आहेत. त्यांच्याकडे ना खेळ राहिला ना दुसरं काही. त्यांच्या आईवडिलांशी मी बोललोय.

ताईंच्या भाचीबद्दल म्हणाल तर वही पहिलीच हवी, माझंही तेच मत. पण ती वही तिला सापडली ती कोणी "एक विषय निवड" म्हणून सांगितल्यामुळे नव्हे. घरी नुकसान झालं, पोरीच्या जिवाला लागलं आणि ती कामाला लागली. आपण पालकांनी हे बघून दुसऱ्या दिवशी आपल्या पोराच्या हातात वही दिली, तर तो पुन्हा एक क्लासच झाला.

---

विलायती_सांगलीकर | रविवार, रात्री ९.१०

अजिंक्यतारा सरांना जोरदार अनुमोदन. इंग्लंडचं थोडक्यात: इथे हा वाद जवळपास नाहीच. यूकॅसवर, म्हणजे इथल्या विद्यापीठांच्या सामायिक अर्जाच्या पोर्टलवर, एकाच अर्जात पाच जागांपर्यंत निवडता येतं, आणि निवड विषयाची असते. वैयक्तिक निवेदन ४,००० अक्षरांचं. २०२६ च्या प्रवेशापासून ते तीन प्रश्नांत विभागलंय: हा विषय का, शिक्षणाने तुमची तयारी कशी झाली, आणि शिक्षणाबाहेर तयारीसाठी काय केलं. ऑक्सफर्ड-केंब्रिजची मुदत १५ ऑक्टोबर. भरतनाट्यम, स्केटिंग, वक्तृत्व यांनी तिथल्या प्राध्यापकाला फारसा फरक पडत नाही. विषयाशी जोडलेलं काय वाचलं, काय करून पाहिलं, ते विचारतात.

तुमची भाची अन्नशास्त्र, शेती, फिजिक्स, रसायन यांपैकी कशालाही गेली तरी ती वही थेट विषयात बसते. तिला एवढंच विचारा: डिपिंग केल्यावर द्राक्ष लवकर का वाळतं? उत्तर आलं तर मुलाखतीची अर्धी तयारी झाली.

---

कृष्णाकाठ (धागाकर्ती) | रविवार, रात्री १०.२५

विचारलं! जेवताना विचारलं. म्हणाली, मण्यावर जी पांढुरकी लव दिसते ते मेण असतं, ते पाणी आत धरून ठेवतं. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात घड बुडवला की ते मेण पाणी अडवेनासं होतं आणि ओल बाहेर यायला वाट मिळते. मग आपणच पुढे म्हणाली, "पण मावशी, हवेतच ओलावा जास्त असेल तर वाट मोकळी असूनही पाणी जाणार कुठे? म्हणून मी ओलाव्याचा रकाना घातला." मी बावीस वर्षं बाष्पदाब शिकवतेय. इतकं सरळ कोणी मला सांगितलं नव्हतं.

आमच्याकडे साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. बाकीचे तीन किलो पाणी, ते शेडमधून वाऱ्याबरोबर जातं. ती पोर त्या तीन किलोंच्या मागे लागली आहे, हे मला आज कळलं.

---

कॅम्पसवाली | सोमवार, सकाळी ७.३०

दिल्ली विद्यापीठाचं कोणी लिहिलं नाही म्हणून दोन ओळी. २०२२ पासून प्रवेश सीयूईटी या देशभरच्या सामायिक परीक्षेवर आहेत, पण कला-उपक्रम आणि खेळ यांच्यासाठी जादा जागा असतात. प्रमाणपत्रं बघतात आणि प्रत्यक्ष चाचणी घेतात. चाचणीला परीक्षकांसमोर उभं राहून नाचावं, गावं किंवा वाद करावा लागतो. फाइलमधली तीस वेगवेगळी प्रमाणपत्रं तिथे कामाला येत नाहीत.

---

अकरावी_ब | सोमवार, दुपारी ४.५०

मी इथे फक्त वाचते. पहिल्यांदाच लिहितेय. अकरावी सायन्सला आहे, सांगलीतच. सगळ्यांचं वाचून थोडं वाईट वाटलं, कारण माझ्याकडे वहीपण नाही आणि प्रमाणपत्रंपण नाहीत. आई दवाखान्यात आया आहे, तिची ड्यूटीची पाळी बदलते. धाकट्या भावाला ऐकू कमी येतं. त्याला शाळेतून आणणं, जेवण, त्याचा अभ्यास, मशीनच्या बॅटऱ्या, हे माझ्याकडे असतं. क्लासला जाते ते तो झोपल्यावर ऑनलाइन. हे कुठे लिहायचं असतं का?

---

मिरज_जंक्शन | सोमवार, सायंकाळी ५.३०

हो. लिहायचं असतं. पहिल्या रकान्यात. तास मोजून लिही. आठवड्याचे वीस-पंचवीस नक्की भरतील, एवढे तास कुठल्याच क्लबमध्ये कोणी देत नाही.

---

कृष्णाकाठ (धागाकर्ती) | सोमवार, सायंकाळी ६.०५

अगं बाळा, तू भावाला अभ्यास कसा शिकवतेस? त्याला ऐकू कमी येतं, मग गणित कसं समजावतेस? मला खरंच जाणून घ्यायचंय. शिक्षक म्हणून विचारते.

---

अकरावी_ब | सोमवार, रात्री ९.४०

मॅडम, त्याला पाढे तोंडी जमत नाहीत, ऐकून म्हणायचे असतात ना. मी अंगणात टाइल्स आहेत त्यांच्यावर खडूने आकडे लिहिते आणि तो उड्या मारतो. सातच्या पाढ्याला दर सातव्या टाइलवर. आता त्याला बारापर्यंत येतात. बाकी काही विशेष करत नाही.

---

नाट्यपंढरी | सोमवार, रात्री १०.००

बाळ, हे जसं इथे लिहिलंस तस्संच अर्जात लिही. एक शब्द बदलू नको.

---

अजिंक्यतारा_पायथा | सोमवार, रात्री १०.१५

आणि त्या टाइल्सच्या खेळाची युक्ती मी उद्या माझ्या पाचवीच्या वर्गावर करणार आहे. तुझी परवानगी आहे असं समजतो.

---

कृष्णाकाठ (धागाकर्ती) | शुक्रवार, रात्री ११.३०

धाग्यावर यायला उशीर झाला. गुरुवारी तासगावला गेले होते, बहीण-मेहुण्यांशी समोरासमोर बोलायचं होतं.

बहिणीला आधी पटेना, आणि तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. दहा वर्षं जी फाइल तिने जपली, तिच्यातलं बहुतेक काही अर्जात जाणार नाही म्हटल्यावर कोणालाही लागेल. ती म्हणाली, "मग मी उन्हातान्हात तिला कशाला पळवलं?" मी गप्प बसले. भाचीच बोलली. म्हणाली, "आई, वक्तृत्वामुळे मी फोनवर व्यापाऱ्याशी बोलू शकते. चित्रकलेमुळे आलेख नीट काढते. ते गेलं नाहीये." बहीण उठून चहा टाकायला गेली. मग पंधरा मिनिटांनी ती फाइल घेऊन आली आणि दोघी बसून एकेक प्रमाणपत्र काढून बघत होत्या, हसत होत्या. कुठल्या स्पर्धेत काय झालं ते आठवत होत्या. अजिंक्यतारा सर, तुमचं म्हणणं मला तिथे नीट उमगलं.

आता अर्जात चार रकाने आहेत. पहिला वही. दुसरा हंगामात शेडवरचं काम, घरची जबाबदारी या प्रकाराखाली: मजुरांची हजेरी, सौद्याच्या दिवशी वजनाचा हिशेब. तिसरा भरतनाट्यम. चौथ्यात गावातल्या आठवी-नववीच्या मुलींना ती सुट्टीत गणित शिकवते ते, जे मला माहीतच नव्हतं. सहा रिकामे. मेहुण्यांनी सल्लागाराला फोन करून नाही म्हणून कळवलं.

एक अडचण मात्र आहे, तुमचं मत हवंय. दुसऱ्या हंगामाच्या वहीत मार्चमधली अकरा दिवसांची पानं कोरी आहेत. तेव्हा तिची आजी मिरजेला दवाखान्यात होती, घरातलं कोणी शेडवर नव्हतं. मजुरांनी माल सांभाळला, पण वजनं घेतली नाहीत. तिच्या एका मैत्रिणीने सुचवलं की आधीच्या-नंतरच्या आकड्यांवरून मधले भरून टाक, कोण बघतंय. तिने मला विचारलं. मी काही बोलायच्या आतच म्हणाली, नाही भरणार. पण वही जोडायची झाली तर ती कोरी पानं तशीच ठेवावीत की निबंधात दोन ओळी लिहाव्यात?

---

मिरज_जंक्शन | शनिवार, सकाळी ७.२०

तशीच ठेवा, मावशी. आणि दोन ओळी लिहायच्याच. अर्जात अधिक माहितीसाठी वेगळी जागा असते, तिथे लिहा: आजी आजारी होती, अकरा दिवस नोंद नाही. सगळी वही कोणी वाचणार नाही. दोन पानांचे फोटो पुरेत, आणि त्यातलं एक ते कोरं पान जिथून सुरू होतं ते असू द्या. आलेखात तिथे रेषा तुटलेली दाखवा, जोडू नका.

---

कृष्णाकाठ (धागाकर्ती) | शनिवार, सकाळी ७.४५

तिला वाचून दाखवलं. म्हणाली, रेषा तुटलेलीच काढली आहे.